उजव्या बुटाची बाहेरची कड

"अहो... रागावू नका, पण तुमच्या पायांत दोन वेगवेगळे बूट आहेत."

सकाळचे सव्वासात. डोंगराचं पहिलं वळण. माझा श्वास गळ्याशी आलेला, आणि मागून हे वाक्य! मी वळून पाहिलं. पाठीवर भलीमोठी सॅक, हातात पत्र्याची लांबट पेटी, धुक्याने ओले झालेले केस कपाळाला चिकटलेले... आणि चेहऱ्यावर इतकी खरीखुरी काळजी, जणू माझ्या ओढणीनेच पेट घेतला होता.

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

"म्हणजे... मुद्दाम घातलेत?"

"मुद्दाम."

तो जरा वेळ माझ्या पायांकडे बघत राहिला. डाव्यात राखाडी, उजव्यात निळा. "नाही, मला वाटलं घाईत घातले असतील. मी एकदा दोन रंगांचे मोजे घालून साहेबांसमोर उभा राहिलो होतो. दिवसभर कुणी सांगितलंच नाही. म्हणून म्हटलं, आपण सांगावं."

आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं? मी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. "हे बघा, माझी वेळ मोजणं चालू आहे. थांबून बोलता येत नाही मला. ऐकायचं असेल तर चालत चालत या."

आणि तो आला. तिथेच सगळं बिनसलं.

त्याला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. मी बुटांच्या कारखान्यात कामाला आहे आणि माझं काम बूट झिजवायचं. डोंगरात पळणाऱ्यांसाठी नवा बूट निघणार असला की तो दुकानात जायच्या आधी माझ्या पायात येतो. एकच डोंगर, एकच वाट, चाळीस चढाया, आठवड्याला दोन. डाव्या पायात जुन्या सोलचा बूट, उजव्यात नव्या सोलचा. दोन माणसं कधी सारखी चालत नाहीत, पण एकाच माणसाचे दोन पाय निदान त्याच दगडांवरून जातात ना, म्हणून. कुठला सोल कुणी बनवला ते मला सांगत नाहीत, नाहीतर ओळखीच्या माणसाचा तो चांगला वाटायचा. माझ्या आईला ही नोकरी अजून पटलेली नाही. "लोक नोकरी मिळावी म्हणून जोडे झिजवतात," ती शेजारणींना सांगते, "आमच्या बाईंना जोडे झिजवायचीच नोकरी लागली."

हे ऐकून तो इतका हसला की पेटीत काहीतरी खळखळलं आणि तो एकदम गप्प झाला. पेटी कानाशी नेऊन त्याने हलवून बघितली.

"काय आहे त्यात?" मी विचारलं.

"पाऊस."

"काय?"

"म्हणजे... पाऊस मोजायची नळी. काचेची आहे. माथ्यावर आमची हवामानाची खोली आहे ना, पत्र्याची? दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी वर जातो. पाऊस मोजतो, वारा मोजतो, वहीत लिहितो, खाली येतो."

"ढग नाही मोजत?"

"तेही मोजतो," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "आकाशाचे आठ भाग धरायचे आणि त्यातले किती झाकलेत ते लिहायचं."

मी मनातल्या मनात त्याचं नाव तिथल्या तिथे ढगोबा ठेवून टाकलं. त्याने माझं काय ठेवलं ते मला पुढे चौथ्या भेटीत कळलं. दोनबूट!

खरं तर त्या दिवशी मी तिथे असायलाच नको होते. माझे वार सोमवार आणि गुरुवार. आदल्या दिवशी बस बंद पडली म्हणून मंगळवारी गेले, एवढंच. ती माझी चौथी चढाई. पण खाली उतरल्यावर मी थेट कारखान्याच्या लॅबमध्ये जाऊन सांगितलं, की सोमवारी बसला फार गर्दी असते, मला मंगळवार-शुक्रवार करून द्या. सोमवारची बस रिकामी असायची, पण हे आपल्यातच राहू द्या.

पहिल्या वळणापासून माथ्याखालच्या कातळापर्यंत ती वाट दोघांपुरती रुंद आहे. चढताना डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला दरी. तो नेहमी दरीच्या बाजूने चालायचा.

"तुम्हीच का नेहमी कडेने?" मी एकदा विचारलं.

"तुम्ही सारखं घड्याळ बघता. घड्याळ बघणाऱ्या माणसाने कडेने चालू नये."

वाटेत एक काटेरी फांदी आडवी यायची. तो ती हाताने धरून ठेवायचा आणि मी पुढे गेले की हळूच सोडायचा. पाऊस असला की त्याच्या टोपीच्या कडेवरून थेंब ओघळायचे. मध्येच तो बोट पुढे करून एखादा थेंब झेलायचा आणि म्हणायचा, "हा मोजायचा राहिला." ओल्या मातीचा वास, आमच्या दोघांचे श्वास, आणि मधूनच लागणारा त्याच्या सॅकचा धक्का... मी "सॉरी" म्हणायचे, धक्का त्याचा असला तरी.

"आज किती ढग?"

"आठातले सहा भाग."

"आणि उरलेले दोन?"

"तिकडे बघायला आज... वेळ झाला नाही," असं म्हणून तो सरळ समोर बघत राहायचा. कान मात्र लाल.

माथ्यावर पोचल्यावर मला फक्त दोन मिनिटं थांबता यायचं. पाणी प्यायचं आणि लगेच उतरायला लागायचं, तसा नियमच आहे. तो दुपारपर्यंत वरच असायचा. त्यामुळे उतरताना मी एकटी. मंगळवारचा शुक्रवार व्हायला तीन दिवस लागतात आणि शुक्रवारचा मंगळवार व्हायला चार. हे मला आधी कधी कळलं नव्हतं. शुक्रवारी उतरताना पाय जड व्हायचे आणि चाचणीच्या वहीत मी लिहायचे, "उतारावर बूट जड वाटतो."

तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर खाली भेटायचं की! पण डोंगर होता म्हणून भेट होती. डोंगर सोडून भेटायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते कारण तोंडाने म्हणावं लागलं असतं. माझ्यासारख्या तोंडाळ मुलीकडे दोन महिने झाले तरी त्याचा साधा नंबर नव्हता. त्याने माझा मागितला नव्हता. तो मागेल म्हणून मी थांबले होते, आणि तो कशासाठी थांबला होता देव जाणे.

विसाव्या चढाईला तो पेटी या हातातून त्या हातात घेत राहिला. मग म्हणाला, "वरची खोली बंद होणार आहे. यंत्र बसवतायत. ते स्वतःच मोजणार, स्वतःच कळवणार."

"मग तुम्ही?"

"बदली. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी इथली शेवटची नोंद."

"लांब आहे?"

"एक दिवसाचा प्रवास."

मी उगीचच घड्याळाकडे बघितलं. आणि तोंडातून काय निघालं माहीत आहे? "छान की! बढती असेल." माझ्या तोंडाला मेलं हाड म्हणून नाही.

चोवीस चढाया झाल्या आणि लॅबमधून बोलावणं आलं.

आमच्या लॅबप्रमुख बाईंना सगळा कारखाना मागून 'मोजपट्टी' म्हणतो, कारण त्यांच्या गळ्यात ती सदैव लटकलेली असते. लांब टेबल, वर पांढरा दिवा, आणि दिव्याखाली माझे दोन बूट उताणे ठेवलेले. कोपऱ्यात रबर विभागातले काका बसले होते. नखांच्या कडांना कायमचा काळा रंग बसलेला. त्यांना तिथे बघितलं तेव्हाच मला कळलं, की नवा सोल त्यांचा होता. तीन वर्षं ते त्या रबराच्या मागे लागले होते. सहा महिन्यांत निवृत्त होणार होते, आणि जाण्याआधी तो सोल बाजारात बघायचा एवढं एकच त्यांच्या मनात होतं. हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं.

"टाच चांगली आहे, चवडा उत्तम," मोजपट्टी म्हणाल्या. "पण बाहेरची कड बघा. सोलचे दात निम्मे उडालेत. चोवीस चढायांत! असा बूट मी दुकानात पाठवू शकत नाही. हा सोल बंद करावा लागेल."

काका पुढे झाले. त्यांनी बूट हातात घेतला आणि त्या कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा पुन्हा. "रबर कच्चं नव्हतं हो," ते एवढंच म्हणाले.

मी त्यांच्या हातातून बूट घेतला. उजव्याची बाहेरची कड गुळगुळीत. मग डावा बघितला. त्याची आतली कड, थोडीशी. सहा वर्षं बूट झिजवणाऱ्या बाईला सोल वाचता येतो. दोन तास आपल्या उजव्या बाजूला मान वळवून, खांदा वळवून, सगळा भार तिकडे टाकून जी बाई चालते, तिचे बूट असे होतात. माझे कान तापले.

मी गप्प बसू शकले असते, खरं सांगते. कुणाला काही कळलं नसतं. सोल बंद झाला असता, मला दुसरी जोडी मिळाली असती, आणि ढगोबाचे उरलेले मंगळवार-शुक्रवार माझे मला राहिले असते. पण काकांचा अंगठा अजून हवेतच फिरत होता.

"दोष रबराचा नाही," मी म्हटलं. "माझा आहे. मी... वाकडी चालले."

"सहा वर्षांत कधी वाकडी चालली नाहीस तू," मोजपट्टी म्हणाल्या.

"माझ्या उजवीकडे कुणीतरी चालत होतं."

मोजपट्टींनी माझी वही उघडली. "तरीच. एक तास पन्नास मिनिटांची तुझी चढाई दोन तास वीस मिनिटांवर गेलीय. उशिराचं कारण काय लिहिलंयस? वाट निसरडी. वाट निसरडी. वाट निसरडी." मग त्यांनी खणातून एक कागद काढला. "डोंगरावरच्या पावसाच्या नोंदी मी दर महिन्याला मागवते. या तारखेला पाऊस शून्य. या तारखेला शून्य. या आठवड्यात सबंध शून्य. मग वाट कशाने निसरडी झाली गं?"

कागदाखाली कुणाची सही होती ते मला वाचायची गरज नव्हती. मेल्याने शून्यंसुद्धा किती गोल काढली होती!

"कोण चालत होतं?"

मी त्या सहीवर बोट ठेवलं.

काकांना एकदम खोकला आला. मोजपट्टींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "प्रेमात पडली आहेस का?"

"हो," मी म्हटलं.

असं ते झालं. ज्याला सांगायचं त्याला सोडून मी ते पहिल्यांदा मोजपट्टीला सांगितलं.

निकाल साधा होता. उजव्या पायाला नवा कोरा बूट, पुन्हा पंधरा चढाया. पहिल्या वळणापासून माथ्यापर्यंत एकटीने, नाकासमोर. हाकेच्या अंतरावर कुणी नको. दोन चढायांच्या मध्ये पायांना पूर्ण आराम. सोल टिकला तर बाजारात जाईल, नाही तर बंद.

"वार बदलून देऊ का?" त्यांनी विचारलं.

"नको," मी इतक्या झटकन म्हटलं की काकांना पुन्हा खोकला आला.

पंधरा चढायांना साडेसात आठवडे लागतात. ढगोबाचे उरले होते जेमतेम चार.

शुक्रवारी तो पहिल्या वळणावर थांबला होता, नेहमीसारखा. मी रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती. कड, सही, शून्यं... सगळं क्रमाने सांगणार होते.

"आजपासून मला एकटीने चालावं लागेल," मी म्हटलं. "चाचणीचा नियम आहे."

"इतके दिवस नव्हता?"

"होता. मी पाळला नाही."

आता पुढचं बोलायचं होतं — का पाळला नाही ते. मी श्वास घेतला. आणि तेवढ्यात तो पेटीचा पट्टा सारखा करत म्हणाला, "बरं."

बरं! अडीच महिने एका वाटेने चालल्यावर माणूस 'बरं' म्हणतो?

"मी अर्धा तास आधी निघत जाईन," तो खाली बघत म्हणाला. "म्हणजे तुमच्या मध्ये मध्ये यायला नको."

"बरं," मीही म्हटलं. मी काय कमी आहे!

त्याला जाऊ देऊन मी त्या वळणावर अर्धा तास बसले. आधी राग आला, मग रडू आलं, आणि मग वेळ झाली म्हणून उठले.

त्यानंतरच्या चढाया मी कशा केल्या ते माझं मला माहीत. नाकासमोर बघायचं होतं, म्हणून मी मातीकडे बघायचे. मातीत त्याच्या बुटांचे ठसे असायचे. नऊ नंबर, सरळ रेषेतल्या खाचा. एकटा असूनही तो दरीच्या कडेनेच चालत होता. डोंगराकडची अर्धी वाट रिकामी, कोरी, जशी कुणासाठी तरी ठेवलेली. मी त्या रिकाम्या अर्ध्या वाटेवरून चालायचे. तिसऱ्या खेपेला बघितलं, तर ती काटेरी फांदी कुणीतरी सुतळीने मागे बांधून ठेवली होती. मी तिथे थांबले नाही, कारण थांबायची परवानगी नव्हती. पण पुढची दहा मिनिटं मला वाट नीट दिसत नव्हती.

माथ्यावर पोचले की तो खोलीच्या दारात यायचा. मला दोन मिनिटं.

"आज किती?"

"आठातले आठ."

"सगळंच झाकलेलं?"

"सगळंच."

एवढं झालं की मी निघायचे. मागे वळून बघायला नियमाची आडकाठी नव्हती, पण मीच बघत नव्हते. बघितलं असतं तर परत वर गेले असते. आणि वहीत वेळ काय? एक तास अठ्ठेचाळीस. इतक्या चांगल्या वेळेचा इतका राग मला कधी आला नव्हता.

आठव्या चढाईनंतर, बुधवारी, बूट पुन्हा त्या पांढऱ्या दिव्याखाली गेला. मोजपट्टींनी बारा ठिकाणी मोजलं, मग बारा ठिकाणी पुन्हा मोजलं. "एकसारखा झिजतोय," त्या म्हणाल्या. "कड शाबूत आहे. उरलेल्या सात चढाया कर, पण मला आता काळजी नाही."

काकांनी बूट छातीशी धरला. मग माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. "पोरी, तुझे डोळे असे का? त्याला सांगितलंस ना सगळं?"

"नियम आहे म्हणून सांगितलं."

काकांनी कपाळाला हात लावला, काळ्या बोटांसकट. "अगं, भरल्या खोलीत आम्हाला सांगितलंस आणि त्याला नियम सांगितलास? कधी जातोय तो?"

"परवा."

मी उठले आणि रजेचा अर्ज लिहून मोजपट्टींपुढे ठेवला.

"शुक्रवारी तुझी नववी चढाई आहे," त्या म्हणाल्या.

"ती मंगळवारी करते."

"रजेचं कारण?"

"खरं लिहू?"

त्यांनी मान वर न करता सही केली. "कंपनीचे बूट इथे ठेवून जा. दोन्ही."

शुक्रवारी मी माझे स्वतःचे बूट घातले. जुने, तपकिरी, दोन्ही पायांत एकाच जोडीचे. घड्याळ घरी ठेवलं. आईने माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "आज काही बरं नाही का तुला?"

तो पुढे गेलेला असणार हे माहीत होतं, म्हणून मी पळाले. बारीक पाऊस होता. त्याचे ठसे अजून पाण्याने भरले नव्हते, म्हणजे फार पुढे नव्हता तो. फांदी सुतळीने बांधलेलीच होती. छाती फुटायची वेळ आली तेव्हा कातळ आला, आणि मग पत्र्याची खोली.

आतलं सामान मंगळवारीच आवरून ठेवलेलं असावं, आता शेवटची नोंदही झाली होती. टेबलावर नोंदवही मिटलेली. काचेची नळी जुन्या कापडात गुंडाळून पेटीत. तो पेटीची कडी लावत होता. मला बघून त्याचा हात तिथेच थांबला.

"तुम्ही? आज... इतक्या लवकर?" मग त्याने खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. "दोन्ही सारखे आहेत."

"माझे आहेत. मी आज रजेवर आहे."

"रजेच्या दिवशीही डोंगर?"

"मला बोलायचंय. मध्ये बोलू नका. आणि 'बरं' तर अजिबात म्हणू नका."

त्याने तोंड मिटलं. मी उंबऱ्यात उभी राहून सगळं सांगितलं. काकांचा सोल, उडालेले दात, त्याची गोल शून्यं, त्याच्या सहीवर ठेवलेलं बोट. "मी उजवीकडे झुकून चालत होते," मी म्हटलं. "तुमच्याकडे. अडीच महिने. मला कळलंही नाही, बुटाला कळलं. मला तुम्ही आवडता. खूप आवडता. शुक्रवार संपला की मंगळवारपर्यंत मला काही सुचत नाही, आणि आता... आता मंगळवारच येणार नाहीत..."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. तो गप्प.

"बोला ना आता!"

"तुम्हीच म्हणालात, मध्ये बोलू नका."

"संपलं माझं!"

"मला वाटलं, मी नकोसा झालो," तो हळूच म्हणाला. "तोंडावर नाही म्हणायला अवघड वाटतं म्हणून माणसं नियम सांगतात ना... तसं काहीतरी."

"आणि तुम्ही 'बरं' म्हणालात!"

"मला दुसरं काही सुचलं नाही. मला मोजता येतं. बोलायला गेलं की..." त्याने हात उघडून दाखवले. रिकामे.

"ठीक आहे. मग मीच मोजते. बूट काढा."

"काय?"

"बूट. काढा."

"अहो, चिखल आहे..."

"सहा वर्षं चिखलच बघतेय मी."

तो पेटीवर बसला आणि त्याने बूट काढले. मी डावा उचलला, ओढणीने पुसला आणि दाराशी उजेडात नेला. टाच बरी. चवडा बरा. बाहेरची कड... मी अंगठा फिरवला. गुळगुळीत. दात पार गेलेले. मग उजवा बघितला. त्याची बाहेरची कड जवळजवळ नव्यासारखी. लॅबमध्ये दोनदा मोजायची सवय आहे, म्हणून मी डाव्यावरून पुन्हा अंगठा फिरवला.

"हे कधी घेतले?" बूट खाली न ठेवता मी विचारलं.

"याच मोसमात. फक्त डोंगरासाठी."

"तुमच्या डावीकडे कोण चालत होतं?"

तो नेहमी समोर बघायचा. आज पहिल्यांदा त्याने सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "एक दोनबूट नावाची बाई आहे," तो म्हणाला. "फार भरभर चालते. गेला महिनाभर ती नव्हती..."

"मग?"

"तरी डावीकडची सवय गेली नाही."

मी त्याचा चिखलाचा बूट पोटाशी धरून हसायला लागले, आणि हसता हसता रडायला. तो अनवाणी उठून जवळ आला. "आवडतेस तू मला," तो म्हणाला. त्याने मला तू म्हटलेलं ते पहिल्यांदा. "पहिल्या दिवशी म्हणणार होतो. बुटांचंच बोललो."

संध्याकाळी त्याची गाडी होती. ती काही चुकणार नव्हती आणि नवी जागा काही जवळ येणार नव्हती. तिथे अजून यंत्र बसवलेलं नाही, आणि तिथेही रविवारी सुट्टी असते, एवढं त्याने सांगितलं. मग त्याने नंबर दिला. मी तो त्याला तीनदा म्हणायला लावला.

त्याच्याबरोबर मी कधी उतरले नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदा उतरले. खाली पोचलो की तो जाणार, म्हणून आम्ही होईल तितकं हळू चाललो. किती वेळ लागला ते कुठल्याच वहीत नाही. सुतळीपाशी आल्यावर त्याने गाठ सोडली आणि फांदी हाताने धरून ठेवली, मी पुढे जाईपर्यंत.

उतरताना दरी डाव्या हाताला येते. तो मुकाट्याने माझ्या मागून फिरून कडेच्या बाजूला आला. मी मान वळवली, खांदाही वळला.

"आता तुझा डावा झिजेल," तो म्हणाला.

"झिजू दे," मी म्हटलं. "हे माझे स्वतःचे आहेत."